थंडीतला कूलर आणि शेवटचा खांब

लोकांच्या दारात मी आयुष्यभर दोनच कामांसाठी गेलो. एक लाईट जोडायला आणि दुसरं, बिल थकलं म्हणून ती तोडायला. पहिल्या वेळी चहा मिळायचा, दुसऱ्या वेळी कुत्रं मोकळं सोडायचे. नोकरीच्या अगदी शेवटच्या वर्षात मात्र तिसरंच काम गळ्यात पडलं. घरोघर जाऊन सांगायचं, की संध्याकाळी लाईट कमी वापरा, तुम्हाला बक्षीस मिळेल. या कामाला चहाही मिळेना आणि कुत्रंही कुणी सोडेना. लोक नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. वायरमनच्या घरी काही अडचण आहे का, असं एका सुनेनं माझ्यादेखत आपल्या सासूला विचारलं होतं.

मी कळंबचा. कळंबपासून वर डिंभ्यापर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर माझी हयात गेली. माझं पाळण्यातलं नाव या भागात फार थोड्यांना ठाऊक आहे. मी सगळ्यांचा 'वायरमन'. माझ्या बायकोला बाजारात 'वायरमनीण' म्हणतात, आणि माझ्या मुलाच्या लग्नपत्रिकेवर माझं नाव वाचून दोघातिघांनी हे गृहस्थ कोण, अशी चौकशी केली होती. गेल्या डिसेंबरअखेर निवृत्त झालो. दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा, असं संपादक म्हणाल्यावर खांबावरून पडलेली माणसं, वादळातल्या तारा, रोहित्रात शिरलेली घोणस, असं बरंच डोळ्यांपुढून गेलं. पण लिहावंसं वाटतं ते त्या बक्षिसाबद्दलच.

आधी बाहेरच्या माणसासाठी ही भानगड काय ती सांगतो. वीज ज्वारीसारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. म्हणजे हल्ली मोठाल्या बॅटऱ्या निघाल्यात म्हणतात, पण आमच्या भागात त्या अजून पोचलेल्या नाहीत. तुम्ही घरात बटण दाबलं, की त्याच क्षणी ती वीज कुठेतरी तयार व्हावी लागते. दुपारी फारसं कुणाचं काही चालू नसतं. दिवेलागण झाली की माणसं रानातून घरी येतात आणि दिवे, टीव्ही, मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर, सगळं एकदम सुरू होतं. त्या तीन-चार तासांपुरती जास्तीची महागडी वीज आणावी लागते, आणि तारा नि डीप्या तापतात. डीपी म्हणजे रोहित्र, खांबांवर बसवलेला तो तेलाचा डबा, ज्याच्यातून वस्तीला लाईट जाते. तर या गर्दीच्या वेळेचा थोडा भार लोकांनी आपणहून पुढेमागे ढकलला, इस्त्री सकाळी केली, मोटर दुपारी लावली, तर सगळ्यांचंच भलं होईल, अशी कल्पना. नवीन मीटर आले होते, ते कुठल्या तासाला किती वीज गेली ते टिपतात. पहिला महिना ते गपचूप बघणार, की हे घर संध्याकाळी किती वापरतं. दुसऱ्या महिन्यात त्यापेक्षा जेवढं कमी वापराल त्याचं बक्षीस बिलातून वजा.

जुन्नरला एका मंगल कार्यालयात आम्हाला हे शिकवलं. शिकवणाऱ्या इंजिनिअर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, पण कामाला पक्क्या. जेवणही चांगलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी प्रचाराला लागलो.

जुन्नरच्या बाजारपेठेत माझे एक नातेवाईक निवृत्त गुरुजी आहेत. सराव म्हणून मी पहिल्यांदा त्यांनाच सांगायला गेलो. गुरुजींनी योजना इतकी मनावर घेतली, की सूर्य मावळायच्या आत सगळ्या घराचं जेवण उरकायचा फतवा काढला. आठवड्याभरात त्यांच्या सूनबाईंनी मला एसटी स्टँडवर गाठलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "काका, ही योजना बंद कधी होणार आहे?"

डिंभ्याला धरणाच्या कडेला मासेमारी करणारं एक घर आहे. तिथल्या कारभाऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, माझ्या घरात येक बल्ब आन येक टीव्ही. बल्ब बंद केला तर टीव्ही दिसतो, टीव्ही बंद केला तर कारभारीण दिसती. ह्यातलं काय बंद करू ते तुमीच सांगा." आतून कारभारीण म्हणाली, "माझंबी त्येच म्हननं हाय."

तिथे हसलो खरा, पण परत येताना गाडीवर तो प्रश्न डोक्यातून जाईना. ज्यानं कधी जास्त वापरलंच नाही, त्यानं कमी करायचं तरी काय? काटकसर करणाऱ्याला बक्षीस नाही आणि उधळ्याला आहे, असं झालं की हे. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याच आठवड्यात मी हा किस्सा शिंगाडेवस्तीवर तात्याला सांगितला. तात्याकडे मात्र उत्तर होतं. ते त्यानं मला सांगितलं नाही, एवढंच.

शिंगाडेवस्ती कळंबच्या वरच्या अंगाला, माळावर. सगळी घरं मेंढपाळांची. आता बहुतेकांची शेती आहे, थोड्यांकडे मेंढरं राहिलीत. तात्या त्यातला वडीलधारा. ऐन उमेदीत मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा आणि उन्हाळ्यात परत घाट चढायचा. आता गुडघे गेलेत म्हणून ओट्यावर बसून सगळी वस्ती हाकतो. मी योजना समजावली तेव्हा तो डोळे मिटून ऐकत होता. शेवटी एक डोळा उघडून म्हणाला, "म्हंजी राव, पयल्या महिन्यात जेवढं जास्त जाळू, तेवढं दुसऱ्या महिन्यात कमी करायला वाव?"

"तसं नाही तात्या. रोज वापरता तेवढंच वापरा."

"हां हां. रोजच्यावानीच," म्हणून तात्यानं मान डोलावली. अंगावर ओरडणाऱ्या तात्याला मी कधी घाबरलो नाही. मान डोलावणारा तात्या काय करील ते सांगता येत नाही, हे मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

वस्तीच्या अगदी टोकाला, शेवटच्या खांबावर कांताचं घर. नवरा ट्रकवर, महिना-महिना बाहेर. कांतानं बचत गटातून अंडी उबवायचं मशीन घेतलं होतं. मशीन म्हणजे कपाटाएवढी पेटी. आत दिवे, पंखा, पाण्याचा ट्रे. तीन आठवडे ऊब एकसारखी राहिली तर गावरान कोंबडीच्या अंड्यांतून पिल्लं निघतात. ऊब थोडी जरी ढळली तरी आतला जीव आतच राहतो. मशीन गटाचं होतं आणि ते हवं असलेल्या बायका पुष्कळ होत्या. म्हणून गटानं ठरवलं होतं, की पहिली खेप नीट निघाली तर मशीन कांताकडेच राहील, नाही तर ते दुसरीच्या घरी जाईल. कांतानं त्यासाठी पडवीला पत्रे मारून खोली केली होती, दोन शेळ्या विकल्या होत्या. ती दिवसातून कितीदा त्या पेटीच्या काचेला नाक लावायची ते तिची मुलंच जाणोत. ती पेटीशी बोलायचीसुद्धा, पण मी आलो की गप्प व्हायची.

दिवाळी झाली आणि मोजणीचा महिना सुरू झाला. थोड्याच दिवसांत कांताचा मला फोन. "भाऊ, सांच्याला माझं मशीन मिणमिणतंय बघा. पंखा फिरतोय का थांबलाय त्येच कळंना. अंडी घालून दोन हप्तं झालं, आता काय झालं तर मी काय करू?"

दिवस मावळताना मी वस्तीवर पोचलो आणि फाट्यावरच गाडी थांबवली. आपण चुकून कळंबच्या जत्रेत आलो की काय, असं वाटलं. प्रत्येक घराला आत-बाहेर दिवे. एकीनं ओट्यावर इस्त्री तापत ठेवली होती, शेजारी कपडा एकही नाही. एका घरात पाण्याच्या पिंपात हीटर सोडला होता आणि ते कढत पाणी म्हशीला थंड करून पाजायचं चाललं होतं. आणि तात्या! थंडी चांगली पडली होती. तात्या ओट्यावर डोक्यावरून घोंगडी घेऊन, दात वाजवत बसला होता आणि त्याच्या पुढ्यात त्याचा मोठा पत्र्याचा कूलर घरघरत होता.

"तात्या, हे काय?"

"गरम व्हतंय," तात्या घोंगडीतून म्हणाला.

मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. वस्तीनं मिळून ठरवलं होतं, की मोजणीच्या महिन्यात वीज मुबलक जाळायची, म्हणजे पुढच्या महिन्यात नुसतं रोजच्यासारखं वागलं तरी बक्षीस. डिंभ्याच्या त्या एका बल्बवाल्याची गत आपली व्हायला नको, म्हणून तात्यानं काढलेली ही तोड. त्यापायी चालू महिन्याचं बिल किती येईल, हा विचार मात्र कुणाच्या डोक्यात आला नव्हता. बक्षीस म्हटलं की माणसाला बिल दिसत नाही.

मी म्हणालो, "तात्या, तुमच्या या कूलरपायी तिकडं कांताची अंडी गारठतायत."

"माझ्या कूलरचा आन तिच्या अंड्यांचा काय संबंध? माझं मीटर येगळं, तिचं येगळं."

असं समजणारा तात्या एकटा नाही. मीटर वेगळं म्हणजे वीजही वेगळी, असं बऱ्याच शिकल्यासवरल्यांनाही वाटतं. मी त्याला म्हणालो, "पाटाच्या तोंडाशी सगळ्यांनी मोटरी लावल्या तर शेवटच्या रानाला पाणी पोचतं का? वस्तीत तार एकच आहे. वाटेत सगळे ओढून घेतात, शेवटच्या खांबापर्यंत जोर उरत नाही." पाटाच्या पाण्यावर आमच्या तालुक्यांत डोकी फुटलेली आहेत, त्यामुळे हे तात्याला लगेच कळलं. त्यानं कूलर बंद केला. चहा पाजला. सगळ्यांना सांगतो म्हणाला आणि मान डोलावली.

दोन दिवस बरं चाललं. मग बहुधा कुणाला तरी वाटलं, की शेजारचा दिवे लावतोय आणि आपण मागे पडतोय. हळूहळू पुन्हा सगळी वस्ती उजळली. डीपीचा फ्यूज जायला लागला. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली बारीक तार. भार वाढला की आधी तिनं जळायचं आणि डीपीला वाचवायचं, एवढंच तिचं काम. पण आमच्याकडे फ्यूज गेला की लोकांना त्या तारेचाच राग येतो. ती फारच नाजूक आहे असं ठरवून तिथे जाड तार पिळतात, की जा आता कशी जातेस. हे जीवावरचं काम आहे. मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगितलं, शिव्या दिल्या, पाया पडलो. तरी शिंगाडेवस्तीच्या डीपीत कुणीतरी बोटाएवढी तार घातलीच. मग बारीक तारेऐवजी डीपीच जळाली.

दिवेलागणीला धप्प असा आवाज झाला आणि वस्ती काळीठिक्कर पडली, असं कांतानं मला फोनवर सांगितलं. तिचा आवाज चिरकला होता. अंड्यांतून टोच मारल्याचे आवाज यायला लागले होते. अगदी शेवटची वेळ. मी गाडीला किक मारली आणि जाता जाता ज्याला-त्याला फोन लावत सुटलो. नवीन डीपी दुसऱ्या दिवशी दुपारशिवाय मिळणार नव्हती. इतक्या वर्षांत किती डीप्या जळताना बघितल्या होत्या. खांबावर मी काय करू शकतो ते मला माहीत होतं. पेटीतल्या अंड्यांना मी काय करणार?

पोचलो तर कांताच्या दारात गर्दी. कांता उंबऱ्यात आडवी उभी होती आणि समोर तात्या, हातात घोंगडी घेऊन.

"तात्या, माझ्या दारात उभं ऱ्हाऊ नका," ती म्हणाली. "कूलर लावा जावा तुमचा."

"मला न्हाई तर न्हाई," तात्या म्हणाला, "हिला तरी आत घे." आणि त्यानं घोंगडी पुढे केली.

कांतानं ती घेतली. मग घराघरांतून घोंगड्या आल्या. मेंढपाळाच्या घरात दुसरं काही नसेल, पण घोंगडी असतेच. ऐन थंडीत रानात जन्मलेलं कोकरू जगवायचं कसं, हे या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. फक्त ते ज्ञान आता अंड्यांना लावायचं होतं. पेटीभोवती घोंगड्या गुंडाळल्या, हवेला वरून फट ठेवली. बायकांनी चुली पेटवून पाणी तापवलं, ते बाटल्यांत भरून पेटीत ठेवलं. एक बाटली निवली की दुसरी. साऱ्या खोलीला मेंढरांचा वास सुटला.

तात्या पेटीपाशी मांडी घालून बसला. "कोकराच्या तोंडात बोट घातलं की मला ऊब कळती," म्हणाला. अंड्याला तोंड नसल्यामुळे त्यानं एक अंडं अलगद पापणीला लावलं, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "बराब्बर हाय."

कांतानं थर्मामीटर बघितला. "कमी हाय तात्या."

"मंग त्यो बिघडलाय."

"बाटल्या बदला," कांता म्हणाली, आणि सगळ्या वस्तीला हुकूम सोडणारा तात्या मुकाट्यानं बाटल्या बदलू लागला. त्या रात्री वस्तीत कुणाचा टीव्ही नव्हता, इस्त्री नव्हती, हीटर नव्हता. माणसं मात्र सगळी एका घरात होती.

दुसऱ्या दिवशी डीपी आली. मी आणि माझ्या जोडीदारांनी ती चढवली, लाईट सुरू केली, फ्यूजमध्ये बारीक तार घातली आणि ती जाड तार कापून खिशात टाकली. मग कांताकडे गेलो. पेटीत पिल्लं होती. ओली, डोळे मिचकावणारी, पिवळी-काळी. पण निम्म्याहून जास्त अंडी तशीच पडली होती. कांता ती एकेक उचलून कानाला लावत होती आणि टोपलीत ठेवत होती. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी वस्तीच्या मारुतीच्या देवळापुढे बचत गटाची बैठक भरली. मला फ्यूजबद्दल चार शब्द सांगायला बोलावलं होतं, म्हणून मी होतो. गटाच्या अध्यक्षीणबाईंनी कांताला विचारलं, खेप कशी झाली. कांतानं एकही सबब सांगितली नाही. "निम्मीबी निघाली न्हाईत," म्हणाली. "ठरल्याप्रमानं मशीन न्या." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मशीनची पुढची मानकरीण पदर सावरून बसली.

गटाच्या बैठकीला पुरुषांनी येऊ नये, असा तिथला शिरस्ता. मला कामापुरती सूट होती. तेवढ्यात देवळाच्या मागून काठी टेकत तात्या आला आणि बायकांच्या मधोमध उभा राहिला. या माणसानं भर पंचायतीत कधी कुणापुढे मान खाली घातलेली मी बघितली नव्हती.

"मशीनचा दोष न्हाई आन पोरीचाबी न्हाई," तो म्हणाला. "कूलर माझा व्हता." आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आन ती तारबी मीच पिळली व्हती."

मग मागून एक म्हातारी, बहुधा तात्याची चुलत बहीण, म्हणाली, "त्ये सगळ्यांस्नी ठावं हाय. बस आता खाली, गुडघं दुखतील." आणि हशा पिकला. तात्याही हसला, पण त्याचे डोळे भरले होते. अध्यक्षीणबाईंनी ठरवून टाकलं, की कांताला आणखी एक खेप द्यायची. ती नीट निघाली तर मशीन तिचं, नाही निघाली तर मग कुणाचं काही ऐकायचं नाही.

पुढे इंजिनिअर मॅडम वस्तीवर आल्या. त्यांनी जुन्नरला बसूनच मीटरचे आकडे बघितले होते. "एवढ्या थंडीत या वस्तीची वीज उन्हाळ्यापेक्षा जास्त कशी, हे मला कळेना," त्या म्हणाल्या. तात्यानं आकाशाकडे बघितलं. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "ते दिवस मी मोजणीतून काढून टाकलेत. डीपी जळाली ते दिवसही काढलेत. आता जे खरोखर कमी कराल तेच धरणार." मग त्यांनी प्रत्येक घरानं काय काय पुढेमागे करता येईल ते समजावलं. मेंढवाड्याबाहेरचा दिवा मात्र अजिबात बंद करू नका म्हणाल्या, कारण आमच्या भागात अंधार पडला की बिबट्या फिरतो. शेवटी त्या कांताकडे वळल्या. "ताई, तुमचं मशीन बंद ठेवता येणार नाही. तुम्हाला या योजनेत काही मिळणार नाही, हे आधीच सांगते."

कांता म्हणाली, "मला म्हाईत हाय."

तात्या म्हणाला, "मंग तिच्या वाटचं आमी बंद ठिवू."

आणि त्यानं ते इतकं मनावर घेतलं, की आमच्या जुन्नरच्या गुरुजींनीही हात टेकले असते. एलईडीचा एक बल्ब लावल्यानं काही बिघडत नाही, असं मॅडमनी चारदा सांगूनही त्याचा विश्वास नव्हता. संध्याकाळी तो काठी घेऊन वस्तीत फेरी मारायचा आणि ज्या खिडकीत उजेड दिसेल तिथे काठी आपटायचा. पोरं अभ्यास दुपारी उरकायला लागली. टीव्हीवरच्या मालिका बायका दुसऱ्या दिवशी मोबाईलवर बघायला लागल्या. पहिल्या आठवड्यात तात्याला सगळ्यांनी शिव्या घातल्या. नंतर संध्याकाळी बाहेर खाटा टाकून बसायची सवय लागली, शेकोट्या पेटायला लागल्या. मी मधूनमधून जाऊन शेवटच्या खांबावर व्होल्टेज बघायचो. काटा जागचा हलत नव्हता.

माझ्या निवृत्तीचा दिवस आला. शिंगाडेवस्तीनं मला सत्काराला बोलावलं. कामावरून सुटून पोचेपर्यंत दिवस मावळला होता. देवळापुढे एक खुर्ची ठेवली होती, समोर खाटा टाकून सगळी वस्ती बसली होती आणि सगळीकडे अंधार. मेंढवाड्याचा दिवा तेवढा चालू. त्या उजेडात मेंढरं माझ्यापेक्षा स्वच्छ दिसत होती.

"राव, माईक लावनार व्हतो," तात्या कानात म्हणाला, "पन कांताच्या दुसऱ्या खेपेचं आज-उद्या चाललंया. अंडी बोलाय लागलीत."

मग मायक्रोफोनशिवाय भाषणं झाली. यांनी आमच्या घराघरांत उजेड आणला, असं एक जण अंधारातून म्हणाला. तो कोण होता ते मला अजून माहीत नाही. हार पहिल्यांदा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सरपंचांच्या गळ्यात पडला. शाल बरोबर माझ्यावर आली, पण नारळ कुठे गेला ते कळलं नाही. एका पोरीनं माझा फोटो काढायला मोबाईलची बॅटरी लावली, तर तात्या केवढ्यानं ओरडला. "तात्या, ते मीटरला लागत नाही," मी म्हणालो. "न्हाई लागू दे," तो म्हणाला, "सवय मोडती."

मला बोलायला सांगितलं. मी उठलो. चार चांगली वाक्यं पाठ करून आलो होतो. बायकोनं ती दोनदा म्हणवून घेतली होती. खांब, तारा, ऋणानुबंध, असं बरंच काही होतं त्यात. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "मित्रहो..."

तेवढ्यात वस्तीच्या टोकाकडून कांताची हाक आली. ती ओरडत नव्हती, हसत होती, आणि हसता हसता तिला नीट बोलता येत नव्हतं. "फुटलं! अवो, सगळीच फुटाय लागलीत! तात्या, या की लवकर!"

क्षणात खाटा रिकाम्या झाल्या. पोरं पळाली, बायका पळाल्या, सरपंच पळाले. ज्याचे गुडघे गेलेत तो तात्या काठी विसरून धावला. दोन मिनिटांत देवळापुढे मी एकटा उरलो, अंगावर शाल आणि तोंडात 'मित्रहो'. लांब शेवटच्या खांबाखाली कांताची खिडकी लख्ख पेटलेली दिसत होती, जराही न मिणमिणता. नोकरीत कुणी केला नसेल एवढा मोठा सत्कार त्या रिकाम्या खुर्चीपाशी झाल्यासारखं मला वाटलं. मग शाल खुर्चीवर टाकली आणि मीही पळत सुटलो.